मिरीच्या चक्कीचे दात : पोलादाचे की चिनी मातीचे?

सुरी बोथट झाली, की चिनी मातीचा कप उपडा घालून त्याच्या तळाच्या खरखरीत कडेवर ती घासतात, हे तुम्ही पाहिले असेल. कडेवर काळसर रेघ उमटते. ती सुरीच्या पोलादाची झीज होय. म्हणजे चिनी माती सुरीहून कठीण. पण तोच कप हातातून सुटला तर फुटतो. सुरी फुटत नाही. काठिण्य आणि चिवटपणा हे निरनिराळे गुण आहेत. मिरी दळण्याची लहान हातचक्की निवडताना हा भेद उपयोगी पडतो.

आधी भिवंडीच्या यंत्रमागांचे उदाहरण घेऊ. तेथे कृत्रिम धागाही विणतात. मंद चमकीच्या अशा धाग्यात टायटॅनियम डायऑक्साइडचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात. तो सतत घासून धातूच्या कडीतसुद्धा खाच पडते आणि खाचेत अडकून धागा तुटतो. म्हणून सूतकामाच्या यंत्रांत धाग्याच्या वाटेवर सिरॅमिकच्या, म्हणजे चिनी मातीच्या जातीच्या पदार्थांच्या, कड्या बसवतात. येथे आघात नसतो, केवळ घर्षण असते. म्हणून काठिण्याला महत्त्व.

मिरीचा दाणा मात्र आधी फुटावा लागतो. पोलाद चिवट असल्यामुळे त्याचे दात तीक्ष्ण ठेवता येतात. ते दाणा पकडून कापतात. फ्रान्समधील प्यूजो कारखान्याने १८७४ साली मिरीची चक्की काढली, तिचे दात पोलादाचेच होते. सिरॅमिक ठिसूळ, दात पातळ केले तर टवके उडतील. म्हणून ते जाड ठेवतात आणि ते दाणा चिरडतात.

मग सिरॅमिक कशासाठी? खडेमिठासाठी! मीठ दमट हवेतील पाणी ओढून घेते आणि त्या खाऱ्या पाण्याने पोलाद गंजते. भिवंडीसारख्या खाडीजवळच्या गावी पावसाळ्यात तर लवकरच. सिरॅमिक गंजत नाही. थोडक्यात, नुसत्या मिरीसाठी पोलाद. मीठही दळायचे असेल तर सिरॅमिक.

आता एक प्रयोग करा. मिरीचे पाच दाणे खलबत्त्यात कुटून पूड उघड्या वाटीत आठ दिवस ठेवा. मग पाच दाणे ताजे कुटा. दोन्हींचा वास घ्या, चिमूटभर चाखा. शिळ्या पुडीचा वास मंदावलेला, पण तिखटपणा बराचसा टिकलेला आढळेल. वास उडून जाणाऱ्या तेलाचा, तिखटपणा न उडणाऱ्या पायपरिनचा. म्हणून चक्की कोणतीही घ्या, मिरी आयत्या वेळीच दळा.