निरुपद्रवी वायू

शीतकपाटात दूध नासत नाही, हे आपण नित्य पाहतो. पण त्या कपाटाच्या नळ्यांतून एक द्रव सतत खेळत असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. हा द्रव आत बाष्परूप होताना उष्णता शोषून घेतो व बाहेर ती टाकून पुन्हा द्रवरूप होतो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी या कामी अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मेथिल क्लोराइड वापरीत असत. तिन्ही विषारी! रात्री नळीतून वायू गळावा आणि निजलेली माणसे सकाळी उठूच नयेत, असे प्रकार अमेरिकेत घडले.

१९२८ साली थॉमस मिजली या अमेरिकन संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधला. मिथेनच्या रेणूत कार्बनच्या एका अणूला हायड्रोजनचे चार अणू जोडलेले असतात. अशा संयुगांच्या कुळाला अल्केन म्हणतात. हायड्रोजनच्या त्या चार अणूंच्या जागी क्लोरीनचे दोन व फ्लोरीनचे दोन अणू आले, की निराळाच वायू तयार होतो. क्लोरीन व फ्लोरीन ही हॅलोजन कुळातील मूलद्रव्ये. म्हणून असा पदार्थ हॅलोअल्केन होय. एकटा क्लोरीन किती जहाल! पहिल्या महायुद्धात त्याचा शस्त्र म्हणून उपयोग झाला होता. परंतु कार्बनशी असा जखडला गेल्यावर तो अगदी शांत होतो. नवा वायू जळत नसे व विषारीही नव्हता. १९३० साली मिजलीने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीत भरून घेतला आणि जळत्या मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली, मिजली हसतमुखाने उभाच!

लोकांना आनंद झाला, आणि तो योग्यच होता. पुढे हा वायू व त्याची भावंडे फवाऱ्याच्या डब्यांत आणि वातानुकूलन यंत्रांतही शिरली. पण काम संपल्यावर हा वायू जातो कोठे? तो पावसात विरघळत नाही, कशाशी संयोगही पावत नाही. १९७४ साली कॅलिफोर्नियातील शेरवुड रोलंड व मारिओ मोलिना यांनी याचे उत्तर दिले: तो हळूहळू वर जातो.

वर, सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, ओझोनचा थर आहे. ओझोनच्या रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू असतात. हा सारा ओझोन भूपृष्ठावर आणून पसरला, तर त्याची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर भरेल. एवढ्याशा आवरणाने सूर्याचे घातक अतिनील किरण अडविले जातात! त्या उंचीवर हेच किरण आपल्या शांत वायूवर पडतात. फ्लोरीनचा बंध बळकट, तो टिकतो, क्लोरीनचा तुटतो. मोकळा झालेला क्लोरीन ओझोनमधून ऑक्सिजनचा एक अणू हिसकावतो, तो दुसऱ्या एकट्या ऑक्सिजन अणूच्या स्वाधीन करतो, आणि पुन्हा मोकळा! असा एकच अणू हजारो ओझोन रेणूंचा नाश करतो.

कारखानदारांना हे पटले नाही. १९८५ साली मात्र जोसेफ फार्मन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातील हॅले बे येथील मोजमापे प्रसिद्ध केली. तेथील वसंत ऋतूतला ओझोन सुमारे एक तृतीयांशाने घटला होता. दीर्घ हिवाळ्यात तेथे अतिशीत ढग जमतात. त्यांच्या कणांवर क्लोरीनची संयुगे उत्तेजित होतात आणि सूर्य उगवताच संहार सुरू होतो.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिऑल येथे राष्ट्रांनी हे वायू आवरण्याचा करार केला. भारत १९९२ साली त्यात सामील झाला. पुढे जगातील सर्व राष्ट्रे आली. आता पुष्कळ शीतकपाटांत आयसोब्युटेन असतो. त्यात हॅलोजन मुळीच नाही. तो जळतो, म्हणून अगदी थोडाच भरतात. मिजलीच्या वायूचे आयुष्य मात्र सुमारे शंभर वर्षांचे. १९६० साली एखाद्या शीतकपाटातून निसटलेल्या त्याच्या रेणूंपैकी पुष्कळसे अजून आपल्या डोक्यावर तरंगत आहेत.