तेरडा : अंगणातील एक पाठ

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण सर्वांनी शालेय जीवनात वाक्यात उपयोग करून लिहिली आहे. परंतु प्रत्यक्ष तेरडा कोणी पाहिला आहे, असे आम्ही वर्गात विचारले तेव्हा मोजकेच हात वर आले. तेव्हाच वसतिगृहाच्या अंगणात तेरडा लावण्याचे आम्ही ठरविले.

तेरडा ही आपल्याच भूमीतील एकवर्षायू रानवनस्पती. महाराष्ट्राच्या डोंगरउतारांवर ती पावसाळ्यात आपोआप उगवते आणि पावसाळा सरल्यावर वाळून जाते.

पहिल्या वर्षी आम्ही चुकलो. हिंगोलीच्या काळ्या मातीत सपाट वाफा करून बी पेरले. झडीच्या पावसात पाणी साचले आणि रोपांची रसाळ खोडे बुडाशी कुजली. उतारावरच्या वनस्पतीला ओलावा हवा, पण साचलेले पाणी सोसत नाही, हे तेव्हा उमगले. दुसऱ्या वर्षी मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळून वीतभर उंच गादीवाफा केला. दुपारी सावली येईल अशी जागा निवडली. मृगाचा पाऊस होताच बी पेरून वर मातीचा पातळ थर दिला. रोपे चार बोटे उंच झाल्यावर वीतभर अंतर राखून विरळणी केली. सुमारे दोन महिन्यांत गुलाबी फुले आली.

एकेक फूल लवकर गळते, हे खरे. परंतु झाड कित्येक आठवडे फुलत राहते. पक्व फळ स्पर्श होताच फुटते आणि बी दूर उडते. म्हणूनच लिनियसने १७५३ मध्ये नोंदविलेल्या याच्या शास्त्रीय नावात ‘इम्पेशन्स’, म्हणजे ‘अधीर’, हा लॅटिन शब्द आहे. बी हवे असल्यास फुगलेल्या, फिकट होऊ लागलेल्या फळांवर विरळ कापडाची पिशवी सैल बांधावी. मिळालेले बी सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवावे.

रोपवाटिकेतील दुहेरी पाकळ्यांचा तेरडा दिसतो भरगच्च. मात्र मधमाश्यांना मध सहज मिळतो तो एकेरी रानफुलात. म्हणून बी एकेरी फुलाचेच राखावे. रानातील रोपे उपटू नयेत. थोडे बी घ्यावे, उरलेले तेथेच राहू द्यावे.

बांधांवर तणनाशक फवारले जाते तेथे अशी रानफुले बी धरण्यापूर्वीच नष्ट होतात. म्हणून माजी विद्यार्थी व पालकांना आमची विनंती आहे की, येत्या मृगात अंगणात किंवा कुंडीत तेरडा लावावा आणि त्याचे बी शेजारच्या एका घरी द्यावे. रंग तीन दिवसांचा असेल. बी जपणाऱ्याच्या घरी मात्र तो दरवर्षी परततो.