दात नीट, तरी जबडा का दुखतो?

सकाळी जबडा आखडलेला, भाकरी चावताना कानापुढे कळ, संध्याकाळी कानशिलं ठणकतात. हे तीन महिन्यांहून अधिक चाललं की आपण दाढेला दोषी ठरवून मोकळे होतो. पण दाढ काढूनही दुखणं तिथंच राहतं, कारण पुष्कळदा दुखत असतो तो चावण्याचा स्नायू. एरवी ओठ मिटले तरी वरखालचे दात टेकलेले नसतात. काळजीतला माणूस मात्र नकळत ते आवळून धरतो. अमेरिकेत २००६ साली सुरू झालेल्या ‘ऑपेरा’ अभ्यासात जबडा न दुखणाऱ्या हजारो लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पुढे ज्यांना हे दुखणं जडलं, त्यांच्यात ताण, बिघडलेली झोप आणि शरीराच्या इतर तक्रारी आधीपासूनच जास्त होत्या.

आता हाच ताण मालवणच्या किनाऱ्यावर पाहा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, पण होडीच्या कर्जाचे हप्ते चालूच. हंगामात रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, मासळी कमी आली की पर्ससीन जाळीवाल्यांशी आणि एलईडी दिव्यांनी मासे पकडणाऱ्यांशी वाद. पहाटे बंदरावर मासळी घ्यायला जाणाऱ्या बाईची झोप किती, हे तर घरातही कुणी विचारत नाही. ‘म्हणजे माझं दुखणं मनाचे खेळ?’ असं कुणी रागावून विचारेल. अजिबात नाही. सततच्या ताणाने आणि जागरणाने वेदना आवरणारी मेंदूतली यंत्रणा दुबळी पडते आणि तेवढ्याच दाबाने जास्त दुखतं. दुखणं शंभर टक्के खरं असतं. दुसरा आक्षेप अधिक रोखठोक: ‘समुपदेशकाशी बोलून हप्ता फिटणार आहे का?’ नाही फिटणार, आणि हप्त्यावर औषध आम्हा डॉक्टरांकडे नाही. तरीही २०२३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी या जुनाट दुखण्यासाठी विचार-वर्तनाचं समुपदेशन आणि जबड्याचे व्यायाम यांची ठाम शिफारस केली आहे. परिस्थिती तीच राहिली तरी आवळलेला जबडा सैल सोडता येतो.

म्हणून कायमचा बदल करणारे उपचार, म्हणजे दात कानसून चावा बदलणं वगैरे, घाईने करून घेऊ नका. दिवसातून अनेकदा स्वतःला तपासा: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. सुपारी बंद करा. तिने स्नायू दमतो आणि तोंड कायमचं आखडूही शकतं. तोंडात तीन बोटं मावत नसतील, व्रण भरत नसेल, किंवा पन्नाशीनंतर कानशील दुखून नजर अंधुक झाली, तर डॉक्टरकडे जायला थांबू नका. चालताना, चढ चढताना जबडा दुखला तर आधी हृदय तपासून घ्या. मन मोकळं करायला गावात संकोच वाटत असेल, तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कधीही, विनामूल्य, मराठीत बोलता येतं.