लेकराला उठवूनच निघा

फौजी घरातल्या आई-बाबांनो,

सुट्टीचा शेवटचा आठवडा लागला की पलंगाखालची काळी ट्रंक बाहेर येते, आई शेंगदाण्याच्या चटणीचे डबे भरायला घेते आणि आमची नवराबायकोची भांडणं सुरू होतात. कारण काय, तर गॅसचा नंबर कुणी लावायचा!

मी साताऱ्याकडचा, मराठा लाइट इन्फंट्रीतला. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा मुलखात सगळे धरूनच चालतात, की फौजींना जायची सवय असते. ट्रंक भरायची सवय होते, एवढंच. या खेपेला पुन्हा फील्ड, म्हणजे बायकापोरं सोबत नाहीत. ६० दिवसांच्या वार्षिक आणि ३० दिवसांच्या किरकोळ सुट्टीत काय बाप व्हायचं ते व्हायचं. खरं सांगू? पुण्याहून झेलम एक्सप्रेस सुटली की जरा हायसं वाटतं. युनिटमधली पोरं भेटणार असतात, तिथलं काम हातातलं असतं. दौंड येईपर्यंत त्या हायसं वाटण्याचाच राग येऊ लागतो.

पोर झोपेत असतानाच पहाटेची एसटी गाठायची, ही आपल्याकडची रीत. जाताना रडं नको, म्हणून. मला ती मुळीच पटत नाही. उठल्यावर ते घरभर बापाला शोधतं आणि पुढे कित्येक दिवस आई नळावर गेली तरी पदर सोडत नाही. त्याला उठवा, रडू द्या. कुठे चाललो, रोज फोन का येणार नाही, हे आधीच सांगा. चौकीवर रेंज नसते, हे पाच वर्षांच्या लेकरालाही समजतं. परतायची तारीख मात्र सांगू नका. सुट्टी ऐनवेळी रद्द होते. आणि आठ वर्षांच्या मुलाला 'आता तूच घरातला कर्ता' असं तर चुकूनही म्हणू नका. त्याला अभ्यास आणि क्रिकेट पुरे आहे.

परत आल्यावर पोरगी आईमागे लपली तर ओढून कडेवर घेऊ नका. दोन दिवस जाऊ द्या, ती आपण होऊन येते.

घरी राहणाऱ्या आयांनो, आज्यांनो, तुम्हाला एकच विनंती. 'थांब, बाबा आले की सांगते' हा धाक तेवढा बंद करा. आम्हाला घरी मोजके दिवस मिळतात. त्यात पोरांनी आम्हाला भिऊ नये.