आईसोबत कळसूबाई : चढण्याआधीची तयारी

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. अकोले तालुक्यात, उंची १६४६ मीटर. आमचे घर वरळी कोळीवाड्यात, समुद्राच्या अगदी काठाला. गेल्या वर्षी आम्ही बहीण-भावांनी ठरवले की ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, आईला घेऊन कळसूबाई चढायची. आई ४७ वर्षांची. दिवसभर कामात उभी असते, नळाचे पाणी भरते, बाजाराच्या पिशव्या उचलते. म्हणून ती धडधाकट आहे असे आम्ही धरून चाललो. ती आमची पहिली चूक.

सरावासाठी धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरच्या रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांवर गेलो. मोठे चैत्यगृह सुरुवातीलाच आहे, तिथवर आई छान बोलत होती. पुढे खडकात कोरलेल्या पायऱ्या चढताना मात्र ती तीन वेळा खाली बसली. आम्ही म्हणालो, "सवय नाही ना, चल, होईल." ही दुसरी चूक. चौथ्या वेळी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हात धरून तिला हळूहळू खाली आणले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.४. डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारले तेव्हा आईने मान खाली घालून सांगितले, की दोन वर्षांपासून खूप रक्त जाते. आम्ही एकाच खोलीत राहतो, तरी आम्हाला माहीत नव्हते. "विचारलं कोणी?" एवढेच ती म्हणाली.

आधी रक्त, मग डोंगर

गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी आणि पुरुषाचे १३ पेक्षा कमी असेल, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे हा आमच्या एकट्या घरचा प्रश्न नाही.

शरीरभर प्राणवायू वाहून नेण्याचे काम हिमोग्लोबिन करते. ते कमी पडले की हृदयाला जास्त जोराने धडधडावे लागते. कळसूबाईच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे १८ टक्के कमी असतो. निरोगी माणसाला ते फारसे जाणवत नाही. रक्त कमी असलेल्या माणसावर मात्र चढणीचा आणि विरळ हवेचा असा दुहेरी भार पडतो.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना डोंगरावर नेण्याआधी चार गोष्टी तपासून घ्या : हिमोग्लोबिन, रक्तदाब, रक्तातली साखर आणि डॉक्टरांनी सांगितल्यास हृदयाचा आलेख. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चढणीच्या दिवशी किती घ्यायचे, हे त्यांनाच विचारा, स्वतः ठरवू नका.

आईच्या बाबतीत डॉक्टरांनी नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन पाठवले नाही. आधी रक्त का जाते ते शोधले, त्यावर उपचार केले. रक्तक्षय हे लक्षण आहे, त्यामागे कारण असते. चाळिशीनंतर तर ते शोधलेच पाहिजे. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. हिमोग्लोबिन पूर्ववत झाले तरी शरीरातला साठा भरायला डॉक्टर सहसा आणखी काही महिने गोळ्या चालू ठेवतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. मांस, कलेजी, मासे यांतले लोह शरीराला लवकर मिळते. पालेभाजी आणि कडधान्यातले कमी मिळते, म्हणून त्यावर लिंबू पिळावे. आणि ताटातला चांगला तुकडा मुलांना वाढून स्वतः रस्सा-भात खायची आईची सवय आम्हाला मोडावी लागली.

३ जानेवारीचा बेत अर्थातच रद्द केला.

सोण भिक्खूची गोष्ट

तथागतांच्या संघात सोण नावाचा भिक्खू होता. सुखात वाढलेला, पायांचे तळवे नाजूक. साधनेच्या उत्साहात तो इतका चालला की पायांतून रक्त आले. तो आधी वीणा वाजवत असे. बुद्धांनी त्याला विचारले, की तार फार ताणली तर सूर लागतो का? आणि फार सैल सोडली तर? सोणाला उत्तर कळले. त्यानंतर बुद्धांनी संघाला पायात साधी पादत्राणे घालण्याची मुभा दिली, असे विनयात आले आहे. बुद्धांनी त्याच्या उत्साहाला नावे ठेवली नाहीत, त्याच्या पायांकडे लक्ष दिले. घरच्या माणसाला सराव करवताना आम्ही हीच गोष्ट डोळ्यांपुढे ठेवली.

बारा आठवड्यांचा सराव

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही सुरुवात केली.

पहिले चार आठवडे : आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटे भरभर चालणे, म्हणजे आठवड्याला १५० मिनिटे. आम्ही सकाळी कोळीवाड्यातून निघून वरळी सी फेसला चालत असू. वेग किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलताही येत नसेल तर वेग कमी करायचा.

पाचवा ते आठवा आठवडा : चालण्याचे दोन दिवस जिन्याला द्यायचे. बारी गावातून कळसूबाईची चढण ढोबळमानाने ८०० मीटर धरा. एक मजला ३ मीटरचा धरला तर सात मजली इमारत सुमारे ४० वेळा चढण्याइतके हे झाले. घाबरू नका. मावशीच्या इमारतीत आम्ही दोन फेऱ्यांपासून सुरुवात केली आणि दर आठवड्याला एक-दोन फेऱ्या वाढवल्या. उतरताना सुरुवातीला लिफ्ट वापरली, कारण गुडघ्यांवर जास्त ताण उतरताना येतो. मांड्या बळकट करायला खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, असे दोनदा.

नववा ते बारावा आठवडा : पाठीवर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन जिना, आणि दर पंधरा दिवसांनी एक छोटा डोंगर. बूट याच काळात वापरून पायात बसवा. नवे कोरे बूट घालून डोंगरावर जाऊ नका.

चढणीच्या दिवशी

कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे घोटीमार्गे बारी. रात्रभर प्रवास करून अंधारात चढण्याची हल्ली हौस आहे. वडीलधाऱ्यांसोबत ते करू नका. झोप मोडली की रक्तदाब आणि तोल दोन्ही बिघडतात. आदल्या संध्याकाळी पोहोचा, पहाटे निघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसात वाट निसरडी होते, आणि उभ्या कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत.

माणशी तीन लिटर पाणी. त्यातल्या एका लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा, चमचा चहाचा. सर्वांत सावकाश चालणारा माणूस पुढे ठेवा, त्याच्या पावलाने बाकीच्यांनी चालावे. परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवा. ती झाली की शिखर समोर दिसत असले तरी मागे वळायचे.

छातीत दाब किंवा कळ, ती हात-जबड्याकडे जाणे, चक्कर, बसूनही न थांबणारा दम, यांपैकी काहीही झाले तर चढणे तिथेच थांबवा आणि मदत मागवा. "थोडंच राहिलंय" हे वाक्य अशा वेळी उच्चारू नका.

उंचीमुळे होणारा आजार सहसा २५०० मीटरच्या वर सुरू होतो, त्यामुळे कळसूबाईला त्याची भीती नाही. पुढे कधी हिमालयात गेलात तर ३००० मीटरच्या वर रोज मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर आणखी वर जाऊ नका, आणि त्रास वाढला तर लगेच खाली उतरा.

२५ मे २०१४ रोजी तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशाच्या समाजकल्याण निवासी शाळांतली मालावत पूर्णा आणि आनंद कुमार ही मुले एव्हरेस्टवर पोहोचली. पूर्णा तेव्हा १४ वर्षांचीही नव्हती. त्यांच्या धाडसाचे कौतुक सगळ्यांनी केले. त्याआधी भोंगीरच्या खडकांवर, दार्जिलिंगला आणि लडाखच्या थंडीत त्यांच्याकडून तयारी करून घेतली होती, ते मात्र कमी लोकांना माहीत आहे. आपल्या मुलांना ते सांगितले पाहिजे.

आता कुठवर आलो

आईचे हिमोग्लोबिन आता ११.८ आहे. मागच्या महिन्यात पुन्हा कान्हेरीला गेलो. ज्या पायरीवर ती बसली होती तिथे आम्ही थांबलो, तर ती म्हणाली, "तुम्ही दमलात का?" आणि पुढे गेली. कळसूबाई दिवाळीनंतर. तोवर जिना चालू आहे.

तुमच्या घरात कोणी डोंगर चढणार नसेल, तरी एक गोष्ट आजच करा. आईला, बहिणीला, पत्नीला विचारा : जिना चढताना दम लागतो का? पाळीत त्रास होतो का? आणि उत्तर "काही नाही गं" आले तर दुसऱ्यांदा विचारा.