ठिबकच्या जुन्या नळ्यांचा चुरा करणारे यंत्र : बिघाड व निगा

ठिबक सिंचनामुळे पाण्याची मोठी बचत झाली. परंतु निकामी झालेल्या काळ्या नळ्यांचे ढीग बांधाबांधावर साचू लागले. त्या जाळणे आरोग्यास अपायकारक आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी अशा कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतींवरही सोपविली आहे. या नळ्यांचा चुरा केल्यास तो पुनर्निर्मितीच्या कारखान्यास विकता येतो. त्याकरिता ग्रॅन्युलेटर, म्हणजे बोलीभाषेतील ग्राइंडर, हे यंत्र वापरतात. बचत गटांनी किंवा सहकारी संस्थांनी असे यंत्र घेतल्यास त्याची निगा कशी राखावी, हे या पाठात सांगितले आहे.

यंत्राची रचना

यंत्राच्या पोटात एक जड रूळ वेगाने फिरतो व त्यावर फिरती पाती बसविलेली असतात. पेटीच्या कडेस स्थिर पाती असतात. कात्रीच्या दोन पात्यांमध्ये कापड कापले जावे, तसा माल या दोहोंमध्ये कापला जातो. खाली भोकांची जाळी असते. तुकडा भोकातून पडण्याइतका लहान होईपर्यंत तो पुन्हा पुन्हा कापला जातो.

माल घालण्यापूर्वी

नळ्यांतील गाळ व माती झटकून काढावी, कारण वाळूने पात्यांची धार फार लवकर जाते. तारा, खिळे, खडे व धातूचे तुकडे वेचून टाकावेत. एक खिळा पात्यांचा पूर्ण संच निकामी करू शकतो. पी.व्ही.सी.चे नळ निराळे ठेवावेत. शंका वाटल्यास तुकडा पाण्यात बुडवून सोडावा. ठिबकची पॉलिथिलीनची नळी तरंगते, पी.व्ही.सी. बुडते. दोन्हींचे मिश्रण झाल्यास पुढे वितळविताना पी.व्ही.सी.मधून आम्लाचा दाहक वायू निघतो व सर्व माल वाया जातो.

बिघाड ओळखणे

१. चुऱ्यात भुकटी फार येते, आवाज वाढतो व माल गरम होतो : पाती बोथट झाली आहेत, किंवा फिरत्या व स्थिर पात्यांतील अंतर वाढले आहे. हे अंतर निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. पातळ मालाकरिता ते सामान्यतः ०.२ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या दोन-तीन कागदांच्या जाडीइतके असते. ते फीलर गेजने प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांस व मध्यभागी मोजावे.

२. जाळी तुंबते, माल वितळून चिकटतो : धार व अंतर तपासावे, माल थोडा थोडा घालावा आणि जाळी काढून साफ करावी.

३. मोटार गुणगुणते, पण फिरत नाही : एखादा फेज गेला असण्याचा संभव आहे. खटका तत्काळ बंद करावा, नाहीतर मोटार जळेल.

४. मोटार फिरते, पण माल कापला जात नाही : वायरी नव्याने जोडल्या असतील, तर रूळ उलट फिरत आहे काय, हे पाहावे. पट्टे सैल झाले असल्यास ताणून घ्यावेत. एक पट्टा झिजला तरी सर्व पट्टे एकदम बदलावेत.

५. यंत्र हादरते : पात्यांचे बोल्ट सैल झाले आहेत, किंवा पात्यांचे वजन सारखे राहिलेले नाही. म्हणून धार लावावयाची तर पूर्ण संचास लावावी.

६. बेअरिंग हात ठेववणार नाही इतके तापते : वंगण कमी पडले असेल किंवा फाजील झाले असेल. अति वंगणानेही बेअरिंग तापते.

नित्याची निगा

यंत्र रिकामे सुरू करावे व पूर्ण वेग आल्यावरच माल घालावा. बंद करताना पोटातील माल संपू द्यावा, नाहीतर पुढच्या वेळी रूळ अडकून मोटारीवर ताण येईल. रोज बोल्ट व जाळी पाहावी. दर आठवड्यास पात्यांची धार व पट्ट्यांचा ताण तपासावा. केलेल्या कामाची व बदललेल्या भागांची नोंद वहीत ठेवावी.

हात वाचवावा

कोणताही बिघाड असो, पेटी उघडण्यापूर्वी मुख्य खटका बंद करून फ्यूज काढावेत आणि ते काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावेत. गेलेली वीज अचानक येते, हे कोणीही विसरू नये. खटका बंद केल्यावरही रूळ काही वेळ फिरतच राहतो. तो पूर्ण थांबल्यावर लाकडी पाचर लावून अडवावा व मगच हात घालावा. एका पात्याला हात लावून रूळ फिरविला, तर दुसरे पाते बोटावर येते. अडकलेला माल काठीने किंवा हाताने चालू यंत्रात कधीही ढकलू नये. सैल कपडे, उपरणे, पदर व बांगड्या यांपासून धोका आहे. डोळ्यांस चष्मा व कानांस बोळे असावेत.

पाती पुन्हा विकत मिळतात, बोटे मिळत नाहीत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा पाठ यंत्रापाशी उभे राहून मोठ्याने वाचून दाखवावा आणि फ्यूज काढून खिशात ठेवण्याची क्रिया प्रत्येकाकडून प्रत्यक्ष करवून घ्यावी.