तापलेल्या बॅरलवर साइट फिरवू नका

गोळ्या वर चढायला लागल्या की नेमबाजाचा हात आपोआप साइटकडे जातो. तो हात आवरता येणं हे नेमबाजीतलं अर्धं शिक्षण आहे. पलटणीतली नोकरी संपवून मी साताऱ्याला परतलो. आता सातारा-सांगलीकडची पोरं-पोरी विचारायला येतात, तेव्हा त्यांना आधी हेच सांगतो. साइटचा स्क्रू फिरवायला क्षण पुरतो, पण त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावा लागतो.

पॅरिस ऑलिंपिकनंतर ही विचारपूस वाढली. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्य घेऊन आले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ७२ वर्षं वाट पाहावी लागली. पॅरिसच्या आधी, २०१० साली, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या होत्या. शेजारच्या जिल्ह्यात एवढं घडल्यावर आमच्या पोरांना रायफल खुणावणारच. शिवाय फौज तर आमच्याकडे घराघरांत आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांत काही पॉइंट टू टूवर, म्हणजे .२२ रायफलवर, स्पर्धा खेळणारे असतात, तर काही सर्व्हिस रायफल हाताळणारे. उष्णतेचा परिणाम या दोन हत्यारांवर सारखा होत नाही. पण एकाचं ऐकून दुसरा साइट बदलतो आणि घोळ सुरू होतो.

हा प्रकार मी पहिल्यांदा नीट पाहिला तो बटातून. वार्षिक स्पर्धेआधीचा सराव चालू होता आणि माझी नेमणूक बट पार्टीत होती. टार्गेटखालच्या खंदकात बसायचं, डिटेल, म्हणजे फायररांची एक पाळी, संपली की टार्गेट खाली ओढायचं, भोकं मोजायची आणि त्यांवर कागदाचे तुकडे चिकटवायचे. खंदकातून फायरर दिसत नाही, फक्त भोकं दिसतात. त्यामुळे कुणाची सबब किंवा तक्रार मध्ये येत नाही. आमच्या टार्गेटवर कवठेमहांकाळकडचा एक जवान फायर करत होता, पट्टीचा नेमबाज. त्याचा पहिला ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, मुठीएवढा आणि मधोमध आला. दुपारी त्याला जादा राउंड मिळाले, ते त्यानं लागोपाठ झाडले. भोकं विस्कटली नाहीत, पण एकामागून एक वर आणि किंचित उजवीकडे चढत गेली. मग अचानक सगळी पुन्हा मध्यावर आली. संध्याकाळी कळलं की दोन डिटेलच्या मधल्या वेळात त्यानं साइट बदलून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात त्याच्या पहिल्या गोळ्या खाली डावीकडे लागल्या. त्यानं घाईघाईनं साइट पुन्हा फिरवली. बॅरल तापली तशा गोळ्या परत वर गेल्या. स्पर्धा आटोपली तेव्हा त्याचा रायफलवर भरवसा उरला नव्हता आणि स्वतःवरही नव्हता. आर्मररनं रायफल तपासली, तर एकही भाग सैल नव्हता. बॅरल पूर्ण गार करून साइट मूळ जागी आणली आणि ग्रुप निमूटपणे मधोमध आला. बिघाड झालाच नव्हता, सगळी मेहनत दुरुस्तीनं वाया घालवली होती.

असं का होतं ते समजून घ्या. पोलाद तापलं की वाढतं. एका अंशाला, एका मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर. ६० सेंटिमीटरची बॅरल १०० अंशांनी तापली तर तिची लांबी ०.७ मिलिमीटरच्या आसपास वाढेल. नुसत्या लांबीनं नेम बिघडत नाही. बॅरल सगळ्या अंगांनी सारखी वाढत नाही, तिथे तो बिघडतो. घडवताना आणि सरळ करताना धातूत ताण राहून जातात, आणि उष्णता मिळाली की ते बॅरलला एका अंगाला ओढतात. बॅरलला पुढची साइट, गॅसचे भाग जोडलेले असतात, दस्ता कुठे ना कुठे टेकलेला असतो. बॅरल फुगली की या टेकलेल्या जागांचा दाब बदलतो. तोंडाशी एक दशांश मिलिमीटरचा फरक आपल्या डोळ्यांना दिसणार नाही. पण ६० सेंटिमीटरच्या बॅरलवर त्याचा जो कोन होतो, तो १०० मीटरवर सुमारे १.७ सेंटिमीटर आणि ३०० मीटरवर ५ सेंटिमीटर होऊन दिसतो.

दुसरं कारण चेंबरमध्ये आहे. तापलेल्या चेंबरमध्ये राउंड भरून तुम्ही नेम धरत बसलात, तर काडतुसातली दारूही तापते. तापलेली दारू जास्त जोमानं जळते, गोळीचा वेग वाढतो आणि साधारणपणे ती वर लागते. पहिली भाकरी गार तव्यावर पडते, पाचवी तापलेल्या तव्यावर. पीठ तेच, हात तोच, पण भाजणं वेगळं. तिसरं कारण डोळ्यांपुढचं. गरम बॅरलवरून हवा लाटांसारखी वर उठते आणि तिच्यातून पाहताना टार्गेट तरंगतं. ते जागेवरून हललेलं दिसतं आणि आपण त्या भासावर नेम धरतो. लांब पल्ल्याचे नेमबाज यासाठी बॅरलवर एक पट्टी ताणून बसवतात, म्हणजे गरम हवा बाजूनं निघून जाते.

हे दुखणं जुनंच आहे. विकर्स मशीनगनच्या बॅरलभोवती पाण्याचं आवरण असे. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रेन गनसोबत बदलायची जादा बॅरल असे. पण रायफलवाल्याला पाणीही नाही आणि जादा बॅरलही नाही. त्याच्या हाती दोनच गोष्टी आहेत, वेळ आणि वही.

आता पॉइंट टू टूवाल्यांसाठी. या राउंडमध्ये दारू अगदी थोडी असते. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत ६० गोळ्या दीड तासात झाडायच्या असतात, तेवढ्यानं जाड मॅच बॅरल जेमतेम कोमट होते. एअर रायफलमध्ये तर जळायला दारूच नाही. त्यामुळे तिथे दोष बॅरलवर ढकलण्याआधी बाकीचं सगळं तपासा. मिरजेकडची एक मुलगी माझ्याकडे बॅरल तापल्याचीच तक्रार घेऊन आली होती. तिचा कागद पाहिला तर भोकं चारही बाजूंना पांगलेली. उष्णता अशी चौफेर पांगवत नाही. तिची स्लिंग दर थोड्या वेळानं खाली सरकत होती आणि तिच्याबरोबर कोपराची जागाही बदलत होती. मात्र एक गोष्ट पॉइंट टू टूतही खरी आहे. बॅरल साफ केल्यानंतरच्या पहिल्या काही गोळ्या इतरांपासून वेगळ्या पडू शकतात. म्हणून गुण मोजायला लागण्याआधी साइटिंगच्या वेळात त्या झाडून घ्याव्यात.

दोष ओळखायचा कसा? भोकांचा क्रम पाहा. ग्रुप एकाच दिशेला हळूहळू सरकत असेल आणि बॅरल गार झाल्यावर मूळ जागी परतत असेल, तर कारण उष्णता आहे. गार झाल्यावरही परतत नसेल, तर स्क्रू, साइट किंवा दस्ता कुठे सैल झालाय ते शोधा. भोकं सगळीकडे पांगत असतील तर दमलेला श्वास, ट्रिगरचा झटका किंवा पोझिशन पाहा. डावी-उजवीकडे जाऊन-येऊन होत असेल तर वारा. माण-खटावच्या मोकळ्या माळावर दुपारचा वारा घटकाभरात रोख बदलतो, त्याचं खापर बॅरलवर फोडू नका. आणि फक्त पहिलीच गोळी वेगळी पडत असेल, तर बॅरलमध्ये तेल राहिलंय का ते पाहा. फायरिंगआधी कोरडी चिंदी फिरवून तेल काढायची सवय यासाठीच लावतात.

खात्री करायची असेल तर एक दिवस गुणांचा विचार सोडून रायफलची परीक्षा घ्या. पूर्ण गार बॅरलवर ३ गोळ्या झाडा आणि तो कागद वेगळा काढा. मग नव्या कागदावर नेहमीच्या संथ गतीनं ५ गोळ्या. तिसऱ्या कागदावर न थांबता ५. पुढे बॅरल पुरती गार होऊ द्या आणि चौथ्या कागदावर पुन्हा ३. या सगळ्या वेळात साइटला हात लावायचा नाही. पहिला आणि चौथा कागद जुळला, तर रायफल ठाकठीक आहे. पहिल्या आणि तिसऱ्या कागदातलं अंतर म्हणजे तुमच्या रायफलचा उष्णतेचा सरक. प्रत्येक रायफलचा सरक वेगळा असतो. शेजाऱ्याची वर जाते म्हणून तुमचीही वरच जाईल असं धरू नका.

आता हिशेब करा. समजा, गरम बॅरल १०० मीटरवर ४ सेंटिमीटर वर मारते. तापलेल्या अवस्थेत तुम्ही साइट ४ सेंटिमीटरनं खाली आणली. दुसऱ्या दिवशीची गार गोळी तेवढीच खाली पडणार, म्हणजे ३०० मीटरवर सुमारे १२ सेंटिमीटर खाली. म्हणून झिरो, म्हणजे साइट आणि गोळी जुळवणं, कोणत्या अवस्थेत करायचा ते कामावरून ठरवा. ज्याची पहिली गोळी मोलाची, त्यानं गार बॅरलवर झिरो करावा. ज्याला संथपणे मालिका झाडायची आहे, त्यानं दोन-चार गोळ्यांनी कोमट झालेल्या बॅरलवर करावा आणि स्पर्धेतही तीच गती राखावी. गरम बॅरलचा फरक भरून काढायचाच असेल, तर साइट न फिरवता तेवढा नेम खाली धरा. तोही वहीत मोजमाप असेल तरच. वहीत तारीख, वेळ, ऊन की ढग, राउंडचा लॉट, कितव्या गोळीला ग्रुप कुठे, एवढं लिहिलं तरी पुरे.

आपल्या भागाचं हवामान यात भर घालतं. जत-आटपाडीकडच्या मे महिन्याच्या उन्हात रायफल नुसती ठेवली तरी पहिल्या गोळीआधीच चटका देते, त्यामुळे ती गार समजू नका. राउंडही सावलीत ठेवा; जीपच्या बॉनेटवर किंवा डॅशबोर्डवर मांडू नका. उलट पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळी दमटपणात लाकडी दस्ता फुगतो आणि बॅरलवर दाब देतो. उन्हाळ्यातला झिरो पावसाळ्यात तसाच राहील असं गृहीत न धरता तपासून घ्या.

शेवटी सुरक्षेचं. तापलेल्या चेंबरमध्ये राउंड कधीही ठेवून देऊ नका. सतत फायरनं चेंबर फार तापलं तर ट्रिगर न दाबताही तो सुटू शकतो. विश्रांतीत मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करून दुसऱ्याकडून तपासून घ्या, बोल्ट मागे ठेवा आणि तोंड बटाकडेच असू द्या. मोकळ्या चेंबरमधून हवा खेळते आणि बॅरल लवकर निवते. घाई म्हणून तिच्यावर पाणी ओतू नका. निवली की नाही हे चेंबरच्या बाजूला हात ठेवून कळतं. चटका न बसता तो आरामात टेकवता आला की पुढचा ग्रुप घ्या. आणि हे सगळं अधिकृत रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच.

पोरांनो, ग्रुप सरकला तर आधी थांबा, मग वहीत नोंद करा आणि बॅरल गार झाल्यावर पुन्हा तपासा. गार बॅरलच्या ३ गोळ्यांचा कागद हातात नसेल, तोवर साइटला हात लावू नका.